दोघींचा हात

त्या काळी चित्राला फारशी किंमत उरली नव्हती. किंमत होती ती चित्र काढणाऱ्या हाताच्या थरथरीला.

हे एका दिवसात घडले नव्हते. हवे ते चित्र, हव्या त्या शैलीत, यंत्राकडून डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काढून मिळू लागले, तेव्हा पहिली काही वर्षे लोकांनी आधाशासारखी चित्रे पाहिली. मग त्यांना त्यांचा उबग आला. समोरचे चित्र माणसाने काढले आहे की यंत्राने, हे जाणकारालाही सांगता येईना. तेव्हा देशोदेशीच्या काही चित्रकारांनी आणि संग्राहकांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. त्याचे नाव हस्तमंडळ. या मंडळाला कचेरी नव्हती, अध्यक्ष नव्हता, शिपाईसुद्धा नव्हता. त्यांच्याजवळ होती फक्त एक वही, आणि तीही कागदाची नव्हे. ब्लॉकचेन म्हणतात त्या पद्धतीने ती हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाई. तिच्या प्रत्येक पानाला मागच्या पानाची गाठ मारलेली असे, त्यामुळे एकदा लिहिलेले पुसणे किंवा बदलणे कोणालाही, अगदी ती वही सुरू करणाऱ्यांनाही, शक्य नव्हते.

या वहीत चित्राबरोबर आणखी एक गोष्ट नोंदली जाई. माणसाचा हात आपल्याला वाटतो तितका स्थिर नसतो. अगदी निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा, डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक, थरथरत असतो. हाडांची लांबी, स्नायूंचा ताण, मज्जारज्जूतून येणारे संदेश, मनगटातली नाडी अशा सगळ्यांची मिळून ती थरथर होते, आणि ती दोन माणसांची सारखी नसते. हिलाच कंपमुद्रा म्हणत. कुंचल्याच्या दांड्यावर अंगठीएवढी एक कडी बसवायची. रेघ ओढताना ती कडी हाताची थरथर टिपते. थरथर नोंदलेल्या हाताशी जुळली की कडी हिरवी होते आणि चित्र वहीत चढते. अशा चित्राला नोंदचित्र म्हणत, आणि लोक ती जिवापाड जपत, जमवत, एकमेकांना विकत. दर विक्रीत मूळ चित्रकाराचा वाटा आपोआप त्याच्याकडे पोहोचे.

सावंतवाडीच्या चितार आळीचे दिवस या वहीने पालटले. एके काळी जिथे पर्यटकांसाठी लाकडी आंबे आणि केळी रंगवली जात, तिथे आता घरोघर दशावतारी गंजिफांची गोल पाने रंगू लागली. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, मग रेघकाम, मग रंग आणि शेवटी लाख. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. पत्त्यांचा हा जुना खेळ खेळणारे बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पण पोर्तोमध्ये राहणारी एखादी तरेझा किंवा सिओलमधला एखादा निवृत्त शिक्षक चितार आळीतल्या माणसांना नावानिशी ओळखत होता.

मैथिली चितारीला सगळ्यांत जास्त लोक ओळखत. तिच्या रेघेत एक गोष्ट होती, जी संग्राहकांना शब्दांत सांगता येत नसे. ‘एकाच रेघेत धीर आणि घाई दोन्ही आहेत,’ असे तरेझाने एकदा लिहिले होते. ते वाचून मैथिली हसली होती आणि मग ते वाक्य तिने पुन्हा वाचले होते.

कारण ती रेघ तिच्या एकटीची नव्हती.

*

“काय गो मैथिली, लक्ष खंय आसा तुझा?” सुभद्राकाकी मागून म्हणाली.

भाद्रपदातली सकाळ होती. गणपती नुकतेच पोचवून झाले होते आणि ओटीवर अजून सुकलेल्या दूर्वांचा वास होता. मैथिली पाटासमोर बसली होती आणि तिच्या उजव्या खांद्यामागे, गुडघा उभा करून, काकी. काकीचा उजवा तळवा मैथिलीच्या हाताच्या पाठीवर अलगद टेकलेला होता. कुंचला मैथिलीच्या बोटांत होता. दोघींच्या हातांतून मिळून कल्कीच्या राजाच्या घोड्याची मान पानावर उतरत होती.

“लक्ष इथेच आहे. तूच दाबतेस हात.”

“मी दाबतंय? अगो, माझ्या हातात माशी दाबूची ताकद रवली नाय. पंच्याहत्तर झाली माका.”

“माशी नको दाबू. घोडा बघ. मान लांब झाली ना? जिराफ वाटेल तो.”

“होऊ दे. कल्की खंय कोणी बघितलो हा? जिराफार बसान इलो तर तू काय करशीत?”

मैथिलीला हसू फुटले, रेघ हलली, आणि कुंचल्यावरची कडी तरीही हिरवीच राहिली. दोघींचे हसूसुद्धा कडीच्या ओळखीचे झाले होते.

काकी म्हणजे मैथिलीच्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हते. काकीने आपली विद्या पुतणीला दिली. चितार आळीत ही विद्या देण्याची एक रीत होती. शिकणाऱ्याच्या हातावर शिकवणाऱ्याने हात ठेवायचा, आणि कोणतेही नवे काम सुरू करताना पहिली रेघ अशी दोन हातांनीच ओढायची. एकट्या हाताने आरंभ केला तर काम अपुरे राहते, असे मानत.

अकरा वर्षांपूर्वी हस्तमंडळाची कडी टपालाने घरी आली. नोंदणीसाठी शंभर रेघा ओढायच्या होत्या. मैथिलीने देवाला नमस्कार केला, कुंचला उचलला, आणि शुभ काम म्हणून काकीने नेहमीसारखा तिच्या हातावर हात ठेवला. पहिली रेघ झाल्यावर तो काढायचे काकीला सुचले नाही आणि मैथिलीलाही नाही. शंभर रेघा झाल्या. वहीत ‘मैथिली चितारी’ या नावापुढे एक कंपमुद्रा कायमची चढली.

दुसऱ्या दिवशी मैथिली एकटी कामाला बसली, तेव्हा कडी लाल झाली. ‘हा नोंदलेला हात नाही.’ पुन्हा ओढली, पुन्हा लाल. सातव्या वेळी ती रडकुंडीला आली, तशी काकीने मागून येऊन हात ठेवला, आणि कडी हिरवी झाली.

एका माणसाला एकदाच नोंदता येई, कारण नोंद त्याच्या बुबुळाशी बांधलेली असे. एका माणसाने दहा हात नोंदवून लबाडी करू नये, म्हणून तो नियम होता. दोन माणसांचा एक हात होईल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. ते फक्त चितार आळीत होण्यासारखे होते.

तेव्हापासून अकरा वर्षे बारीक रेघकामाला दोघी बसत. रंगकाम मैथिली एकटी करी. त्याला कडी लागत नसे. काकी या प्रकाराला ‘आमचो संसार’ म्हणे.

“एक दिवस माझ्या एकटीच्या हाताने काढायचंय मला,” मैथिली त्या सकाळी घोड्याकडे पाहत म्हणाली. हे ती वर्षातून दोनतीनदा म्हणत असे. “वाईट निघालं तरी चालेल. माझं कसं निघतं ते तरी कळेल.”

एरवी काकी यावर काहीतरी थट्टा करी. त्या दिवशी ती काही बोलली नाही. मैथिलीच्या हातावरचा तिचा हात मात्र एकाएकी जड झाला. आधी मैथिलीला वाटले की ती खरेच दाबते आहे. मग तो हात घसरून पाटावर पडला.

*

अर्धांगाचा झटका होता. आठ दिवसांनी काकी इस्पितळातून घरी आली. जीभ जड झाली होती तरी शब्द कळत होते. उजवा हात मात्र गेला होता. तो उशीवर ठेवला की तिथेच राही.

चौथ्या दिवशी मैथिलीने मन घट्ट केले, खाटेजवळ पाट ओढला आणि काकीचा तो हात उचलून आपल्या हातावर ठेवला. ऊब तीच होती, वजन जास्त होते. तिने रेघ ओढली. कडी लाल झाली. जुळणी एकसष्ट टक्के, लागत पंच्याण्णव.

“ठेव तो खाली,” काकी म्हणाली. “मेलेल्या माशाक गळ लावन काय मिळतला?”

पण प्रश्न एका रेघेचा नव्हता. संच एकशेवीस पानांचा होता. तीन वर्षांपूर्वी तो सुरू करताना वहीत एक स्वयंकरार लिहिला गेला होता. स्वयंकरार म्हणजे माणसांच्या मध्यस्थीवाचून आपला आपण अमलात येणारा करार. एकाच हाताने, एकतीस डिसेंबरच्या आत, एकशेवीस पाने पुरी झाली तर संच ‘अखंड’. न झाली तर सगळ्या पानांवर ‘खंडित’ असा शिक्का, कायमचा. ही अट मंडळाने गंजिफाच्याच परंपरेतून घेतली होती. एक पान हरवले की डाव खेळण्याच्या कामाचा राहत नाही. नऊ अवतारांची एकशेआठ पाने झाली होती. कल्कीची बारा उरली होती.

मैथिलीने मंडळाच्या शनिवारच्या सभेत सगळे खरे सांगितले. पडद्यावर तीसचाळीस चेहरे होते. कोणी तिला लबाड म्हटले नाही. तरेझाच्या डोळ्यांत पाणी आले. चुकीची नोंद झालेल्यांना पुन्हा नोंदणीची संधी द्यावी असा ठराव त्यांनी तिथल्या तिथे मांडला. मतदान पुरे व्हायला चारपाच महिने लागणार होते. चालू करार मात्र कोणाच्याच हातात नव्हता. सिओलचे शिक्षक खेदाने म्हणाले, “आम्ही सगळे एकमताने थांबा म्हणालो, तरी तो थांबणार नाही. माणसांनी पक्षपात करू नये म्हणूनच आपण तो असा केला.” माणसांचा पक्षपात टाळला गेला होता, आणि त्याबरोबर त्यांची दयाही.

त्या सभेनंतर दोन दिवसांनी पणजीहून डॉ. नसरीन हुर्जुक आल्या. कंपमुद्रा ओळखण्याची रीत ज्या चारपाच जणांनी घडवली, त्यांपैकी त्या एक. मूळच्या दाभोळच्या, वडिलांची मच्छीमारीची होडी होती. सभेतले बोलणे ऐकून त्या कोणी न बोलावताच आल्या होत्या. बांद्यावरून गाडी हाकत आलेल्या त्या पन्नाशीच्या बाईंनी आधी काकीच्या खाटेशी बसून तिचा निर्जीव हात आपल्या हातात घेतला.

“काय गो डाक्तरिणी, नाडी लागता?” काकीने विचारले.

“लागतेय की. खणखणीत.”

“मगे मेल्या कडीक सांग तसा.”

डॉक्टर हसल्या. मग ओटीवर येऊन त्यांनी पिशवीतून एक कंकण काढले. राखाडी रंगाचे, बांगडीपेक्षा थोडे रुंद.

“हे मी कंपरोगाच्या पेशंटसाठी बनवत होते,” त्या म्हणाल्या. “यात बारीक मोटारी आहेत. हे तुमच्या मनगटाची थरथर ऐकतं, ती वहीतल्या थरथरीशी ताडून पाहतं, आणि जेवढं कमी पडेल तेवढं स्वतः भरतं.”

“कमी पडेल ते म्हणजे…”

“म्हणजे काकी. वहीत तुम्ही दोघी आहात. त्यातून तुम्ही वजा झालात की जी उरते, ती हे कंकण तुमच्या हातावर ठेवेल.”

मैथिलीने कंकण हातात घेऊन पाहिले. ते अगदी हलके होते. “ही फसवणूक नाही होणार?”

“मी मंडळाला विचारलं. त्यांचं उत्तर आलं की वही फक्त थरथर ओळखते, ती कुठून आली ते विचारत नाही. नियमात नाही ते गुन्ह्यात नाही.” डॉक्टरांनी कंकण परत आपल्या हातात घेतले. “मला त्याची भीती नाही. दुसरी आहे. तुम्ही कधी दिवसभर होडीत बसला आहात?”

“लहानपणी. वेंगुर्ल्याला.”

“घरी आल्यावर काय झालं?”

“जमीन हलत होती. जेवताना ताट हलल्यासारखं वाटत होतं.”

“कारण मेंदू हिशेबी आहे. एखादी हालचाल सतत होत राहिली की तो ती बाहेरची समजतच नाही. आपलीच समजून तिची तजवीज करून ठेवतो. होडीतून उतरल्यावर बहुतेकांचं दुसऱ्या दिवशी थांबतं. पण काहींचं महिनोन्‌महिने थांबत नाही, क्वचित कोणाचं कायमचं थांबत नाही. माझ्या एका मामूचं थांबलं नव्हतं. तो जमिनीवर डुलत चालायचा, पोरं त्याला दारुडा म्हणायची.” त्यांनी कंकण मैथिलीच्या मनगटावर चढवून पाहिले. “म्हणून दिवसातून एक तास. त्याहून जास्त नाही. एका तासाला रोज तेवीस तास तुमचे असले पाहिजेत.”

“रोज एक तास म्हणजे पाच दिवसांत एक पान होईल. बारा पानं म्हणजे साठ दिवस. वेळ पुरेल.”

“पुरेल तर छान,” डॉक्टर म्हणाल्या.

*

त्या गेल्यावर काकीने मैथिलीला जवळ बोलावले.

“ता काढ हातातला.”

“काकी, बाराच पानं आहेत.”

“बारा असू देत नायतर बाराशे. ऐक. हात धरतत तो सोडूक. सायकल शिकवताना मागसून धरतत, मगे काय जल्मभर पाठसून धावतत? माझ्या आवशीन माझो हात सोडल्यान, तेव्हा माका सतरावा वरीस लागलेला. मी किती रडलंय! पण सोडल्यान.” तिला दम लागला. “तुझो हात मी सोडूकच नाय. त्या मेल्या कडीपायी. आता देवान सोडवल्यान, तर तू माका परत बांधतस?”

“मग संच खंडित होईल.”

“होऊ दे. डाव मोडलो म्हणान खेळणारो मरत नाय.”

काकीला एक गोष्ट ठाऊक नव्हती, किंवा ठाऊक असून तिला तिचे काही वाटत नव्हते. त्या न पुसल्या जाणाऱ्या वहीत सुभद्रा चितारी हे नाव कुठेही नव्हते. पन्नास वर्षे रेघ ओढलेल्या बाईची जगात कायम राहील अशी एकच खूण होती. मैथिलीच्या नावाखाली, मैथिलीच्या थरथरीत मिसळलेली तिची थरथर. तिच्यावर ‘खंडित’ असा शिक्का बसू द्यायचा की नाही, एवढाच प्रश्न मैथिलीपुढे होता. आपल्या हाताचा विचार तिने केला नाही असे नाही. पण आपला हात कुठे जातो आहे, असे तिला वाटले. तो जन्मभर आपल्याजवळच आहे. साठ दिवसांनी त्याच्याकडे पाहू.

तिने कंकण चालू केले. मनगटावर मुंगी चालल्यासारखे झाले, मग भुंग्याच्या पंखांसारखी एक गुणगुण हाडात शिरली, आणि मग हाताच्या पाठीवर कोणीतरी तळवा ठेवल्याचा इतका स्पष्ट भास झाला, की तिने वळून मागे पाहिले. काकी खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

कडी हिरवी झाली होती.

*

दिवाळीनंतर आठ दिवसांनी काकी गेली. शेवटच्या दिवशी तिने मैथिलीचे मनगट डाव्या हाताने चाचपले, कंकण तिथे आहे हे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. रागावली होती की थकली होती, ते मैथिलीला कधीच कळले नाही.

सुतकाचे तेरा दिवस कुंचला उचलायचा नव्हता. त्याआधी शुश्रूषेतही बरेच दिवस गेले होते. तेराव्यानंतर हिशेब मांडला तेव्हा सात पाने उरली होती आणि दिवस सव्वीस. मैथिली आधी दोन तास बसू लागली, मग चार. डॉक्टरांचा फोन आला की ‘तासभरच’ म्हणून सांगे. पुढे पुढे कंकण काढून ठेवले की हात पोरका वाटू लागला. भांडी घासताना, भाकरी थापताना तो उगाच हवेत थांबे, जणू कोणाची तरी वाट पाहत आहे. तेव्हा ती ते रात्रीही काढीनाशी झाली. त्यात वेळेची निकड होती हे खरे. पण तेवढेच नव्हते. ती गुणगुण बंद झाली की घर फार रिकामे वाटे.

डिसेंबरच्या मध्याला तिच्या लक्षात आले की गुणगुण मंदावली आहे. आधी तिला वाटले, कंकणाची बॅटरी उतरली. ती भरली, तरी फरक पडला नाही. रोज थोडीथोडी गुणगुण कमी होत होती. शेवटच्या दश्शीच्या वेळी तर कंकण जवळजवळ मुके झाले होते. कडी मात्र हिरवीच. मैथिलीने मनाशी त्याचा एक अर्थ लावला: काकी जाते आहे. सावकाश, एकेक बोट सोडवत, तिने अखेर माझा हात सोडला आहे. तलवार हे कल्कीच्या पानांचे चिन्ह; दश्शीवरची दहावी तलवार काढून झाल्यावर ती कुंचला खाली ठेवून खूप वेळ रडली, आणि त्या रडण्यात समाधानही होते.

अठ्ठावीस तारखेला संच अखंड म्हणून वहीत चढला. पोर्तोहून, सिओलहून अभिनंदने आली. कंकण तिने धुऊनपुसून डबीत ठेवले आणि डबी काकीच्या फोटोखाली.

*

फाल्गुनात पुनर्नोंदीचा ठराव मंजूर झाला. ज्यांची कंपमुद्रा चुकून दुसऱ्याच्या साहाय्याने नोंदली गेली, त्यांना एकदाच, साक्षीदारासमोर, एकट्या हाताने शंभर रेघा ओढून आपली खरी मुद्रा नोंदवता येणार होती. साक्षीदार म्हणून डॉ. हुर्जुक स्वतः आल्या.

मैथिलीने नवी साडी नेसली होती. तिने पाट मांडला आणि आपल्या उजव्या खांद्यामागची जागा मुद्दाम रिकामी दिसेल अशी मोकळी केली. मनगट उघडे होते. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती आरंभाची रेघ एकटीने ओढत होती.

“अपशकुन आहे हो हा आमच्यात,” ती हसून म्हणाली.

“सगळ्यांचं आयुष्य त्याच अपशकुनाने सुरू होतं,” डॉक्टर म्हणाल्या. “ओढा.”

शंभर रेघा झाल्या. हात हलका होता, मोकळा होता. तिला वाटले, रेघ थोडी निराळी आली आहे. तिची तिला ती आवडली. तिने कडी वहीशी जोडली. उत्तर यायला मिनिटभर लागले.

‘मैथिली चितारी. पूर्वीच्या नोंदीशी जुळणी ९९.१ टक्के. पूर्वीची नोंद योग्य आहे. चूक आढळली नाही. पुनर्नोंदीची आवश्यकता नाही. विनंती बंद करण्यात येत आहे.’

तिने ते दोनदा वाचले. “म्हणजे काय? कंकण तर डबीत आहे.”

डॉक्टर उठून डबीपाशी गेल्या. कंकण काढून त्यांनी आपल्या फोनला जोडले आणि त्यातली जुनी नोंद पाहू लागल्या. पाहता पाहता त्या खाली बसल्या.

“किती तास घालत होता?”

मैथिलीने सांगितले.

“कंकण मुकं का होत गेलं, माहीत आहे?” डॉक्टरांचा आवाज एकदम उतरला होता. “ते कमी पडेल तेवढंच भरायचं. शेवटी शेवटी त्याला भरायला काही उरलंच नव्हतं. सगळं तुमच्याच हातातून येत होतं.”

“काकी जात नव्हती.”

“नाही. ती आत येत होती.”

बाहेर आळीत कोणीतरी लाकूड तासत होते. मैथिलीने आपले उघडे मनगट दुसऱ्या हाताने धरले.

“जाईल ना हे? होडीसारखं? काही दिवसांनी?”

“तीन महिने झाले, मैथिली. आपण प्रयत्न करू. हाताला मूळ ताल पुन्हा शिकवता येतो, मी करून पाहिलंय. पण त्यासाठी मूळ ताल कुठेतरी नोंदलेला लागतो. तुमचा एकटीचा. एखादी जरी रेघ असली…”

“कडीने अकरा वर्षांपूर्वी सात वेळा घेतला होता.”

“नाकारलेल्या रेघा वहीत चढत नाहीत. कडीही त्या ठेवत नाही.”

“कंकणात?”

“कंकण रोज किती भरलं त्याचा फक्त आकडा ठेवायचं. तुमची थरथर नाही.” डॉक्टरांनी मान खाली घातली. “तुमचा मूळ ताल तुमच्याकडे असणारच, असं मी धरून चालले होते. हातच तो. कुठे जाणार?”

“माझी जुनी चित्रं आहेत. शाळेतल्या वह्या आहेत.”

“शाईत रेघ राहते हो. थरथर राहत नाही.”

काही न विसरणारी, काही न पुसणारी ती वही हजारो संगणकांवर जागी होती. तिच्यातली एक चूक आज दुरुस्त झाली होती. वहीचे एक अक्षरही बदलले नव्हते. बदलली होती ती नोंदलेली बाई.

डॉक्टर निघून गेल्यावर मैथिली पाटापाशीच बसून राहिली. तिने उजवा हात वर करून पाहिला. बोटे तिचीच होती. तर्जनीवर लाखेने भाजल्याचा तिचाच डाग होता. मग तिने कडी काढून बाजूला ठेवली आणि कुंचला डाव्या हातात घेतला. या हाताला कोणी कधी काही शिकवले नव्हते. हा कोणत्याही वहीत नव्हता.

तिने कागदावर कुंचला टेकवला. रेघ निघाली ती वेडीवाकडी. पोराच्या पहिल्या रेघेसारखी अडखळत, थांबत, पण कोणाच्याही मदतीशिवाय. घोड्याच्या मानेपर्यंत ती कशीबशी पोहोचली. तिथे वळण होते.

आणि तेव्हा मैथिलीचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. तो सावकाश पुढे आला आणि डाव्या हाताच्या पाठीवर अलगद, सवयीने टेकला.

“सोड गो काकी,” मैथिली म्हणाली.

हात तसाच राहिला. वळण सुरेख आले.